छप्पन्न अंशांवर अर्धा तास

सोमवारी सकाळी साडेअकराला चौथी नळी लाल झाली नाही, एवढंच घडलं. बाकी सगळं जिथल्या तिथं होतं. खिडकीबाहेर माळ्याचा पाइप, नळ्या तापवायच्या वॉटर बाथची घरघर, फ्रिजवर चिकटवलेला १९९६ सालचा सुट्ट्यांचा तक्ता, ज्यात आता फक्त नाताळ उरला होता. एकोणीस वर्षं मी बेंगळूरच्या या प्रयोगशाळेत हीच चाचणी लावतोय. मेंढीच्या तांबड्या पेशी धुवायच्या, त्यांना सशाच्या प्रतिपिंडांचा लेप द्यायचा, वर माणसाच्या रक्तातलं सीरम घालायचं आणि अंगाइतक्या उबेत अर्धा तास ठेवायचं. सीरममध्ये कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात. ती त्या परक्या पेशींना भोकं पाडतात, पेशी फुटतात आणि नळीतलं पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. फुटल्या नाहीत तर पेशी तळाशी टिकलीसारख्या बसून राहतात आणि वरचं पाणी नितळ. रोग्यांच्या नळ्यांत कमीजास्त व्हायचंच, ते बघायलाच तर चाचणी. पण चौथी नळी रोग्याची नव्हती. ती कंट्रोल होती, धडधाकट माणसाची, बाकीच्यांनी जिच्याकडं बघून आपली पायरी ओळखायची ती. तिच्या तळाशी टिकली बसली होती, आणि त्या नळीतलं सीरम माझं होतं.

एकोणीस वर्षांत माझं सीरम तिथं कधी गेलं नव्हतं, यात माझी काही युक्ती नव्हती. आमच्याकडचा रिवाजच तसा. धडधाकट सीरम संपलं की प्रयोगशाळेतल्याच कुणाला तरी बाही वर करायला लावायची. आमच्या प्रमुख डॉक्टर श्यामला मॅडमचं रक्त मी काढलंय, झाडणाऱ्या चंपाचं काढलंय, इथं शिकून परदेशी गेलेल्या किती पोरांचं काढलंय त्याची गणती नाही. सुई माझ्या हातात, आणि ज्याच्या हातात सुई त्याची शीर सुटते. या खेपेला सिद्धीला शीर धरायला शिकायचं होतं. सिद्धी पुण्याची, दोन वर्षांपूर्वी पीएचडीला आलेली, हुशार, बोलताना अर्धं इंग्रजी. "अण्णा, तुमच्यावर प्रॅक्टिस करू? प्लीज?" मी म्हटलं, कर बाई, माझ्या शिरा बघ कशा दोरखंडासारख्या आहेत, आंधळ्यालाही सापडतील. उगाच फुशारकी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

आणि मग मी तिला बोललो. तो भाग आठवला की आजही मानेमागं खाजतं. माझ्या सीरमच्या दोन नळ्या होत्या, एक कच्ची आणि एक तापवलेली. छप्पन्न अंशांवर अर्धा तास ठेवलं की कॉम्प्लिमेंट मरतं, सीरम दिसायला तसंच पिवळसर राहतं पण त्यातली धार जाते. तापवलेल्या नळीत काही फुटायचं नसतं, कच्चीत सगळं फुटायचं असतं. दोन्ही नितळ होत्या. "तू दोन्ही नळ्या बाथमध्ये ठेवल्यास," मी म्हणालो. "नाही अण्णा, एकच. आय स्वेअर, लेबल बघून ठेवली." "नुसती अदलाबदल असती तर दुसरी लाल झाली असती. दोन्ही तशाच आहेत. याचा अर्थ एकच होतो." "पण मी खरंच..." "खोटं बोलू नकोस." हे मी सगळ्यांसमोर म्हणालो. समोरच्या टेबलावरची दोघं पोरं पिपेट हातात धरून थांबली. सिद्धीचे कान लाल झाले, ती बर्फ आणायला गेली, आणि मी उगाच स्वच्छ काच पुन्हा पुसत बसलो. खोटं बोलू नकोस. हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं तर चालतं. माझ्या तोंडून निघालं की ते कुठंतरी जाऊन आपटतं आणि परत येतं, आणि त्या दिवशी ते जेवणाच्या सुट्टीतच परत आलं.

दुपारी पुन्हा लावली. माझं रक्त मला काढता येत नाही, म्हणून सिद्धीच आली आणि तिनं पहिल्यापेक्षा नीट शीर धरली. या वेळी सगळं माझ्या नजरेसमोर. नळी बर्फात, सेंट्रिफ्यूज थंड, छप्पन्न अंशांचा बाथ बंद, त्याची तार भिंतीतून उपटून ठेवलेली. पडताळ्याला सिद्धीनं स्वतःचंही सीरम घातलं. तिची नळी दहा मिनिटांत लाल. माझी नितळ. मी ती उजेडात धरली, हलवली, परत धरली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, आणि तरीही तोंडातून काय निघालं, तर "बर्फ कमी पडलं असेल". सिद्धीनं तिसऱ्यांदा कापूस स्पिरिटमध्ये बुडवला तेव्हा मात्र मी बाही खाली केली. "राहू दे," मी म्हणालो. "सकाळचं मनात धरू नकोस. तू तापवली नव्हतीस." "मग कुणी तापवली अण्णा?" तिनं विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं, साधा प्रश्न होता. पण मला एकदम निपाणीकडचं आमचं घर दिसलं, दारात उभी राहून विचारणारी आई दिसली, आणि मी नळी हातात घेऊन जवळजवळ पळतच मॅडमच्या खोलीत गेलो.

श्यामला मॅडम माझ्याशी कन्नडमध्ये बोलतात, मी त्यांच्याशी अर्धं कन्नड अर्धं आमच्याकडचं. त्यांनी नळी बघितली, चष्मा काढला. "आई-वडील नात्यातले?" "वडील म्हणजे आईचे सख्खे मामा," मी म्हणालो. आमच्या भागात यात विशेष काही नाही, घरची मुलगी घरातच राहते, जमीन बांधाबाहेर जात नाही. "भावंडं?" "एक होता." "होता?" "अकरा वर्षांचा असताना गेला. परसू. त्रेसष्ट साली." त्यांनी विचारलं, "ताप? मान ताठ झाली होती? अंगावर डाग उठले होते का, जांभळे?" मी डागांचं काहीच बोललो नव्हतो. तेहतीस वर्षांत मला ते कुणी विचारलं नव्हतं. गावात सगळ्यांनी ते डोळ्यांनी बघितले होते, म्हणून विचारायची गरज नव्हती, आणि गावाबाहेर परसूचं नाव मी काढत नसे. मी मान हलवली. माझा हात आपोआप बाहीवर गेला, कोपराच्या खळीत सिद्धीनं लावलेल्या चिकटपट्टीवर, आणि मी ती ओढून काढली. आत एक बारीक लाल ठिपका होता, सुईचा. तरी मी तो बोटानं दाबून बघितला.

परसू आणि मेंढरं. खरं तर हे मी इथं प्रयोगशाळेत लागलो त्याच दिवशी आठवायला हवं होतं, मेंढीच्या रक्ताची पहिली बाटली हातात आली तेव्हा. पण माणूस हुशार असतो, ज्या वासानं दार उघडेल तो वास नाकाशी येऊच देत नाही. आमच्याकडं सुगीनंतर रानात मेंढरं बसवायची पद्धत. धनगर कळप घेऊन यायचे, दोन-तीन दिवस रानात मुक्काम करायचे, रानाला लेंडीखत मिळायचं, त्यांना धान्य आणि रोजची भाकरी. भाकरी पोचवायचं काम माझं होतं, मी तेरा वर्षांचा, थोरला. त्या दिवशी शाळेपुढच्या पटांगणात सायकलवाला आला होता, सात दिवस सायकलवरून खाली न उतरणारा. सायकलवरच जेवायचा, सायकलवरच अंघोळ करायचा, आणि त्या दुपारी तो दातांनी नांगर उचलणार होता. भागूआत्यानं टोपलं माझ्या हातात दिलं. भागुबाई, वडिलांची बहीण, नवरा गेल्यावर आमच्याकडंच राहिलेली. आईची ती मावशी लागायची आणि नणंदही, दोन्हीकडून हक्काची. "जावा रं कोनतरी बिगीनं, कालवन निवतंय," असं ती म्हणाली आणि परत चुलीकडं वळली. मी टोपलं घेऊन गल्लीच्या वळणापर्यंत गेलो आणि ते परसूच्या डोक्यावर ठेवलं. तो तर नाचतच गेला. तिथं कोकरं होती, धनगराची पांढरी कुत्री होती, त्याला आणखी काय हवं होतं? दोन दिवस तो तिथंच राहिला. निरोप पाठवला की राहतो, घरात कुणी काळजी केली नाही. तिसऱ्या दिवशी धनगरानंच त्याला खांद्यावर टाकून आणला.

तापानं अंग भाजत होतं. संध्याकाळपर्यंत मान लाकडासारखी झाली, आणि मग पायांवर ते डाग, आधी टाचणीच्या डोक्याएवढे, मग नाण्याएवढे, जांभळे, दाबले तरी न जाणारे. निपाणीचा डॉक्टर बैलगाडीतून आणेपर्यंत सगळं संपलं होतं. गोचिडी चावल्या, म्हणाले लोक. मेंढरांची बाधा. विषारी किडा. आईनं रडणं थांबवून सरळ माझ्याकडं बघितलं. "मेंढरांत त्याला कुनी धाडला?" सायकलवाला अजून गोल गोल फिरत होता, त्याच्या भोंग्यावरचं गाणं घरात ऐकू येत होतं. मी म्हणालो, "आत्यानं." एक शब्द. आत्या तेव्हा विहिरीवर होती. परत आल्यावर आईनं तिला जे काही विचारलं ते मी माजघरातून ऐकलं, आणि आत्यानं नाही म्हटलं नाही, हेही ऐकलं. मला वाटलं, तिला आठवतच नसेल. टोपलं देताना ती "कोनतरी जावा" म्हणाली होती, त्यालाच ती आपली चूक समजत असेल. तेहतीस वर्षं मी असंच समजत आलो, कारण तसं समजणं सोयीचं होतं. तेराव्या दिवसानंतर आत्या गाठोडं घेऊन सासरच्या गावी गेली. तिथं दिराच्या घरी राहून तंबाखूच्या वखारीत मजुरी केली, डोळ्यांत पाणी येणारं, छातीत बसणारं काम. आई तिचं नाव पुन्हा न घेता दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या दुखण्यात मी उशाशी तीन आठवडे होतो. रोज ठरवायचो की आज सांगायचं, आणि रोज ठरवायचो की आजारी माणसाला कशाला त्रास. मी फार विचारी मुलगा होतो, सगळे म्हणायचे.

मंगळवारी आणि बुधवारी मला बसवेना. पेशी धुताना आकडा चुकायचा, तीनदा धुतल्या की चारदा ते आठवायचं नाही, मग सगळं फेकून पहिल्यापासून. घरी बायकोनं, कस्तुरीनं, विचारलं, "काय झालंय?" मी म्हटलं कामाचा ताण. ती म्हणाली, तुम्हाला आणि ताण? त्या बाटल्यांशीच तर तुमचा संसार. मॅडमनी मला सांगून टाकलं होतं की असा दोष आई-बाप दोघांकडून आला तरच होतो, आणि कस्तुरी नात्यातली नाही तेव्हा पोरांना धोका नाही, म्हणून तेवढी एक भीती कमी होती. पण मी अंघोळीला गेलो की कडी लावून पाय बघायचो, पोटऱ्या, टाचा, जिथं दिसत नाही तिथं आरसा धरून. काही नव्हतं. शेहेचाळीस वर्षांचे साधे पाय. बुधवारी दुपारी मॅडमनी वजा सत्तरच्या फ्रीजरमधून बोटाच्या पेराएवढ्या कुप्या काढल्या, परदेशातून मागवलेल्या. कॉम्प्लिमेंटची एकेक शुद्ध केलेली प्रथिनं, एक ते नऊ अशा आकड्यांनी ओळखली जाणारी. माझ्या सीरमच्या नळ्या ओळीनं लावल्या आणि प्रत्येकीत एकेक भर घातली. पाचव्यानं काही झालं नाही, सहाव्यानं नाही. सातव्याची नळी मॅडम, सिद्धी आणि मी बघत असतानाच लाल झाली, झरझर, किती सुंदर लाल. "सातवा नाही तुमच्यात," मॅडम म्हणाल्या. गावात आग लागल्यावर विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेत उभी राहून हातोहात बादल्या देतात, तसं हे काम. शेवटच्या पाच जणांनी मिळून भोक पाडायचं असतं. सातवा माणूसच जागेवर नाही, तर आधीच्या सहांनी कितीही घाम गाळला तरी बादली तिथंच अडते. माझ्या अंगात जन्मापासून ती तिथं अडलेली होती आणि मी दुसऱ्यांच्या बादल्या मोजत बसलो होतो.

"बहुतेक जंतूंना शरीर इतर मार्गांनी आवरतं," मॅडम सांगत होत्या. "एक जात मात्र अशी आहे की तिला हे भोकच लागतं. मेंदूज्वराचा तो जंतू. तुमच्यासारखी माणसं पुष्कळदा काही न होता म्हातारी होतात, काहींना होतो. लस घ्या. आणि ताप आला तर गोळी घेऊन झोपायचं नाही, तडक दवाखाना." मी विचारलं, "मेंढरांकडून येतो?" त्या हसल्या नाहीत, पण सिद्धी चटकन म्हणाली, "नाही अण्णा, हा फक्त माणसांत राहतो. घशात. आणि ताप यायच्या आधी दोन ते दहा दिवस आलेला असतो." म्हणजे टोपलं डोक्यावर ठेवलं तेव्हाच तो परसूच्या घशात असणार. कुणाकडून आला असेल? शाळा, बाजार, कुणीही. आम्ही दोघं एका घोंगड्यात झोपायचो, नाकाला नाक लावून. हा विचार आला आणि मी तो बाजूला ठेवला, तो परत आला, परत ठेवला. "डाग का उठतात गं?" मी सिद्धीला विचारलं, कारण तो तिच्या प्रबंधाचाच विषय होता. "सायटोकाइन्स," ती म्हणाली. "पेशी एकमेकींना निरोप पाठवतात ना, की धोका आहे, या, धावा. नॉर्मली ते चांगलंच असतं. पण जंतू हाताबाहेर गेले की निरोपच इतके होतात की शिरा गळायला लागतात, आत रक्त गोठतं, बीपी ड्रॉप. म्हणजे बघा, जंतूपेक्षा आपली आरडाओरडच जास्त मारते." ती हे परीक्षेतल्यासारखं बोलली, मग माझा चेहरा बघून नळ्या आवरायला लागली. मला आमचं माजघर आठवलं. परसू गेल्यावर त्या घरातही अशीच आरडाओरड झाली होती, कुणी धाडला, कुणी धाडला, आणि एक घर होतं ते गळून गेलं. सुरुवातीचा निरोप माझा होता.

मॅडमना मी एकच विचारलं, की परसूला तेच झालं हे नक्की का. त्या प्रामाणिक बाई. म्हणाल्या, "नमुना नाही, सिद्ध करता येणार नाही. पण तुमच्यात सातवा नाही, भाऊ अकराव्या वर्षी असे डाग येऊन गेला, आई-वडील मामा-भाची. मला दुसरं काही वाटत नाही." मी एकोणीस वर्षं आकडे लिहितोय, मला वाटण्याची आणि सिद्ध होण्याची किंमत कळते. पण मेंढरं सुटली होती, एवढं नक्की. आणि मेंढरं सुटली की त्यांच्याकडं धाडणारं माणूस सुटतं, मग ते कुणीही असो. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मला राग आला, कुणाचा ते कळेना. ज्या गुन्ह्याला भिऊन मी खोटं बोललो तो गुन्हा झालाच नव्हता. खोटं मात्र झालं होतं, आणि ते अजून एका जिवंत बाईच्या नावावर चालू होतं. ती बाई याच शहरात राहत होती.

हो, याच शहरात. तिच्या दिराचा नातू कल्लाप्पा रेल्वेत लागला आणि सहा वर्षांपूर्वी तिला घेऊन के. आर. पुरमला आला. सहा वर्षांत मी दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा कस्तुरीला पुढं घालून, दोन्ही वेळा चहा होताच उठून. शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली. सिद्धीनं विचारलं नाही, पण निघताना म्हणाली, "अण्णा, सोमवारी तुम्ही ओरडलात त्याचं मला खरंच काही नाही." "मला आहे," मी म्हणालो, आणि तिनं पहिल्यांदा माझ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी मला नीट बसता येईना. टिन फॅक्टरीच्या थांब्यापाशी बस पाच मिनिटं उभी राहिली, ती मला पाऊण तासासारखी गेली. मी मनात वाक्यं जुळवत होतो. आत्या, परसूच्या रक्तात सातवा नव्हता. हे ऐंशीच्या घरातल्या बाईला कसं सांगायचं? आधी रक्ताचं सांगायचं की आधी टोपल्याचं? रक्ताचं आधी सांगितलं तर टोपलं सोपं होईल, म्हणजे परत मी माझीच सोय बघत होतो. टोपलं आधी सांगितलं तर ती रक्ताचं ऐकेल का? मी बाही वर करून हात बघितला, शेजारच्या माणसानं माझ्याकडं बघितलं, मी बाही खाली केली. "के. आर. पुरम! स्वल्प मुंदे होगी सार," पुढच्या थांब्यासाठी कंडक्टर ओरडला, जरा पुढं व्हा म्हणून, आणि मी पुढं सरकत सरकत एक थांबा आधीच उतरून बसलो. मग चालत गेलो.

दार कल्लाप्पाच्या बायकोनं, शिवलीलानं उघडलं. "मावा, तुम्ही? एकटेच?" मावा म्हणजे कानडीतला मामंजी. ती इतक्या आश्चर्यानं म्हणाली की मला लाज वाटली. आत्या मागच्या अंगणात उन्हाला बसली होती, पुढ्यात पाण्यात भिजवलेल्या अवरेकाईची, आपल्या पावट्याची, परात. इकडं थंडीत घरोघरी हेच चाललेलं असतं, भिजलेला दाणा चिमटीत दाबायचा की साल हातात राहते आणि आतली डाळिंबी टुणकन उडते. तिची बोटं तंबाखूनं काळी झालेली, अजून काळीच. "कोन? बसू?" डोळ्यांवर हात धरून बघत तिनं माझं घरचं नाव घेतलं. "आसा अवचित? सम्दी बरी हायती न्हवं?" मी हो म्हटलं आणि तिच्यासमोर खालीच बसलो. शिवलीला चहाला आत गेली. मी हातात एक दाणा घेतला, दाबला, तो परातीबाहेर उडाला. "हळू," आत्या म्हणाली.

मग मी सांगायला लागलो, आणि बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य उपयोगाला आलं नाही. आत्या, परसू मेंढरांमुळं गेला नाही, मी म्हणालो. गोचीड नाही, बाधा नाही. आमच्या प्रयोगशाळेत माझं रक्त तपासलं. रक्तात रोगाला मारणारी एक फौज असते, नऊ जणांची. आमच्या घराण्यात त्यातला एक जन्मतःच नाही, आई आणि बाबा एकाच रक्ताचे म्हणून तो दोन्हीकडून गेला. तो जंतू माणसाच्या घशातला, मेंढराच्या अंगात तो राहतच नाही. परसू घरी राहिला असता तरी झालं असतं ते झालंच असतं. बोलता बोलता माझा आवाज चढला, मॅडमना सांगतोय तसा मी आकडे सांगायला लागलो, छप्पन्न अंश काय आणि अर्धा तास काय. आत्याची बोटं थांबली नाहीत. साल एका बाजूला, दाणा एका बाजूला. मला वाटलं तिला कळत नाहीये, किंवा नको आहे, इतक्या वर्षांनी कुणाला हवं असतं. मी दम घ्यायला थांबलो. आता टोपल्याचं सांगायचं होतं.

"म्हंजे," आत्या म्हणाली. तिचे हात थांबले होते. "म्हंजे तू धाडलास म्हून न्हाई गेला त्यो."

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. मी तिच्याकडं बघत राहिलो. ती माझ्याकडं बघतच नव्हती, परातीतल्या पाण्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखीचं असून ओळखायला वेळ लावला. ती सुटल्यासारखी दिसत होती. "तुला ठाऊक होतं?" मी म्हणालो. "टोपलं तुझ्याच हातात दिल्तं की मी," ती म्हणाली. "कोपऱ्यावर त्येच्या डोस्क्यावर ठेवताना बगितलं बी. म्हनलं खेळू दे पोराला, सायकलवाला काय रोज येतुय?" "मग आईला सांगितलं का नाहीस?" "काय सांगू? एक पोर गेलं हुतं तिचं. दुसऱ्यावर तिचा जीव राहाया नगो? आन तू तेरा वर्साचा. माजं काय, मी आज न्हाई तर उद्या सासरला जानारीच हुते." तिनं हातातली साल टाकली. "पर म्या म्हनायची, ह्ये पोरगं मनात काय घिऊन वाढत आसंल. तू आलास का उगंच चा पिऊन पळायचास. म्या बगायची."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तेहतीस वर्षं तयार असलेली माफी होती ती. पण आत्याची मान एकदम वर झाली. "थांब रं," ती म्हणाली. "दोन्हीकडनं म्हनलास. तुजंच रगत तपासलं म्हनलास." तिनं परात बाजूला सारली, गुडघ्यावर रेटा देऊन पुढं झाली. "मग तुला रं? तुज्यात बी त्यो न्हाईच न्हवं?" मी काही बोलण्याआधी तिचा हात माझ्या कपाळावर आला, ओला, गार, अवरेकाईच्या कच्च्या वासाचा. आधी तळवा ठेवला, मग उलटा हात, मग मानेखाली, जसं घरातल्या बायका लहान पोराचं बघतात तसं. मी म्हणालो, "नाही गं आत्या, मला काही नाही, मी बरा आहे." "गप," ती म्हणाली, आणि हात तिथंच ठेवून बराच वेळ अंदाज घेत राहिली.